बसमध्ये आई म्हणायचं नाही

"नॅनी, वाइप्स आहेत का गं?"

आमच्याच टीममधला अद्वैत ओरडला. दुबईच्या बास्केटबॉल हॉलमध्ये, भरल्या गर्दीत. हाफ टाइम संपत आला होता. त्याच्याच पायाची लाथ लागून त्याची ज्यूसची बाटली कोर्टाच्या कडेला सांडली होती. समोरच पहिल्या रांगेत माझी आई बसली होती, दिवाळीला नेसते ती साडी नेसून. माझी मॅच बघायला ती आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

आई उठली. पर्स उघडली. वाइप्सचं पाकीट काढलं. गुडघे टेकून पुसायला लागली.

शेजारी सोफ्यावर आमच्या टीमचे मालक. अद्वैतचे वडील. सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते हसले आणि पाहुण्यांना म्हणाले, "बघा, सुट्टीच्या दिवशीपण ड्युटीवर. या लोकांच्या अंगातच असतं ते."

मी दहा पावलांवर उभा होतो. हातात बॉल. शेजारी आमचा सहा फूट आठ इंचाचा लेबनीज सेंटर, बास्केटखाली खेळणारा. त्यानं विचारलं, "हू इज शी?"

मी म्हणालो, "स्कूल बस नॅनी."

साहेबांना शिव्या घालायच्याच आहेत मला. पण आधी हे माझं लिहून टाकतो. साडी ओली होतेय, आई फरशीवर आहे, आणि मी तिला ओळखही दिली नाही.

मला तसंच शिकवलं होतं. तिनंच.

माझा बाप अबुधाबीच्या मुसफ्फामध्ये फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. एका व्हिलाच्या पार्टिशन केलेल्या खोलीत आम्ही तिघं. आई शाळेच्या बसवर नॅनी लागली म्हणून मला त्या शाळेत निम्म्या फीत घेतलं. पहिल्या दिवशी बस यायच्या आधी तिनं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "बसमधी मला आई म्हणायचं न्हाय. नॅनी म्हणायचं. बाकीची पोरं म्हणत्यात तसं."

मी सहा वर्षांचा. मला तो खेळ वाटला. पुढं बारा वर्षं तो खेळ चालला. बसमध्ये माझी आई दुसऱ्यांच्या पोरांच्या लेस बांधायची, कुणी ओकलं तर पुसायची. वाइप्सचं पाकीट तेव्हापासून तिच्या पर्समध्ये. शुक्रवारच्या सुट्टीत बाजारात गेली तरी, लग्नाला गेली तरी. आणि मी मागच्या सीटवर बसून "नॅनी, पाणी" म्हणायचो. इतक्या गोड आवाजात की माझंच मला हसू यायचं.

अद्वैत त्याच बसमध्ये. खलिफा सिटीतल्या व्हिलातून चढायचा. चढला की दोन्ही पाय पुढं करायचा. लेस बांधायला. दहावीपर्यंत. दहावीतला घोडा! वाकून बांधता येत नव्हती? येत होती. पण समोर वाकणारं माणूस होतं ना.

त्याच्या घरामागे बास्केटची रिंग होती. माझ्याकडे व्हिलाच्या मागची भिंत होती, वरचा एसी गळायचा तिथली. पण बॉल हातात आला की मी वेगळाच माणूस व्हायचो. उंची बेताची, म्हणून गार्ड. गार्ड म्हणजे बॉल घेऊन वर जाणारा. कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, ते ठरवणारा. बारा वर्षं मला कुणी काही ठरवू दिलं नव्हतं. कोर्टावर मात्र नऊ जण माझ्या हाताकडं बघत धावायचे. मला त्याचं व्यसन लागलं, खोटं कशाला बोलू.

त्या जोरावर अल ऐनच्या कॉलेजात स्पोर्ट्स कोट्यातून गेलो. तिथला कोच फिलिपिनो. बुटका, तोंडाचा फटकळ. चार वर्षं त्यानं मला पळवून पळवून मारलं. कॉलेज संपताना म्हणाला, "हबीबी, तू पैसे घेऊन खेळू शकतोस. मोठ्या लीगमध्ये नाही. खालच्या लीगमध्ये. पण खालून वर जिना असतो."

खालच्या लीगमध्ये टीम होती साहेबांची. अबुधाबीतले मोठे मराठी माणूस. गणपतीत स्टेजवर, शाळेच्या कमिटीवर. मी ट्रायल दिली. साहेब खूश. हात पुढं केला, माझा हात हातात धरूनच विचारलं, "वा! आपला मराठी पोरगा! गाव कुठलं?"

"सांगोल्याकडचं."

"गावात घर कुठं?"

हा प्रश्न मराठी माणूसच विचारतो. लेबनीज माणसाला काय करायचंय माझं घर गावात कुठं आहे ते. मी म्हणालो, "ओढ्याच्या पलीकडं."

साहेबांनी हात सोडला. "अच्छा," म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. मग हात पुसले. एसी फुल होता.

तीन महिने बघू, मग कॉन्ट्रॅक्ट, असं ठरलं. तोवर व्हिसा त्यांच्या कंपनीचा. कागदावर प्रत्येकाला काहीतरी काम दाखवावं लागतं. लेबनीज सेंटर झाला सेल्स एक्झिक्युटिव्ह. अद्वैत झाला मॅनेजर. माझ्या कागदावर लिहिलं होतं क्लीनर. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "अरे, कागदावर काय फरक पडतो?"

फरक आठ दिवसांत पडला. प्रॅक्टिस झाली की सगळ्यांच्या घामट जर्स्या गोळा करायच्या, बाटल्या उचलायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. बादली फक्त माझ्यासमोर आणून ठेवलेली असायची. ऑफिसात चहा आला की सगळ्यांना काचेचे मग, मला पेपर कप. एकदा काचेचा मग उचलला तर साहेबांच्या सेक्रेटरी बाई गोड हसून म्हणाल्या, "अरे, तुझ्यासाठी डिस्पोजेबल ठेवलेत ना."

मी गिळत गेलो. कॉन्ट्रॅक्ट पाहिजे होतं. कॉलेजचा व्हिसा संपलेला. कॉन्ट्रॅक्ट नाही तर सांगोला. तिकडं मला कुणी ओळखत नाही, मीही कुणाला ओळखत नाही.

आणि कोर्टावर साहेबांचा हुकूम एकच. "बॉल वर आण, अद्वैतला दे, बाजूला हो. एवढंच तुझं काम." ते एक व्यसन होतं माझं, तेही त्यांनी काढून घेतलं. मी देत राहिलो. अद्वैत टाकत राहिला. पेपरात फोटो अद्वैतचा.

ती मॅच तीन महिन्यांची शेवटची. संध्याकाळी सही होणार होती, म्हणून आईला आणली.

तर आई फरशीवर. "स्कूल बस नॅनी" असं म्हणून मी पुढं गेलो, कारण वाइप तिच्या हातात काळा पडला होता, तरी ती त्याची घडी उलटी करून पुन्हा पुसत होती. मी जवळ जाऊन हळू म्हणालो, "आई, ऊठ."

तिनं वर बघितलं. घाबरली. साहेबांना नाही, मला घाबरली. कुजबुजली, "नॅनी म्हण. लोकं हायेत."

मी ओरडलो. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"आई, ऊठ!"

तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि अद्वैतसमोर धरलं. "तू सांडलंस. तू पूस."

"ब्रो, सीरियसली?"

साहेब उभे राहिले. "ए, नाटकं बंद. संध्याकाळी सही आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. म्हणून तर तीन महिने गप्प होतो. मी बॉल मांडीत घेतला आणि त्या ओल्या फरशीवरच बसलो. ओल्या फरशीवर खेळ सुरू होत नाही, नियमच आहे. रेफ्री धावत आला. मी म्हणालो, "तो पुसेल, मग खेळू." शिट्टी वाजली. परत वाजली. मला मॅचमधून बाद केलं. मी उठलो नाही. बेंचवरून कुणी हललं नाही. माझ्या पासवर तीन महिने मॅच जिंकणारे सगळे छताकडं बघत होते.

शेवटी हॉलचा नेपाळी क्लीनर मॉप घेऊन आला. माझ्या वयाचाच. हात जोडून म्हणाला, "भाई, उठो. मेरी नौकरी जाएगी."

त्याच्यासाठी उठलो. त्यानं पुसलं. अद्वैतनं नाही. खेळ सुरू झाला आणि माझ्याशिवाय आमची टीम जिंकली. आरामात जिंकली.

अबुधाबीच्या बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून बसली. शहर मागं पडल्यावर म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हुतं मला आई म्हणायला?"

पुढच्या आठवड्यात शाळेनं तिला काढलं. सोळा वर्षांची नोकरी, एका फोनवर खलास. माझा व्हिसा कॅन्सल. मग साहेबांचा निरोप आला. टीमसमोर येऊन अद्वैतला सॉरी म्हण, कॉन्ट्रॅक्ट देतो, आईला परत बसवर घेतो. मोठं मन त्यांचं.

आईनं माझे पाय धरले. माझे! "एकदा सॉरी म्हण. नुसता शब्द हाय. मी रोज म्हनत आले की." बाप कोपऱ्यात बसून हातावरचे वेल्डिंगचे चटके बघत होता. तो म्हणाला, "पोरा, तुझ्या रागाची शिक्षा ती भोगतीय."

खरं होतं ते. अगदी खरं. तरी मी गेलो नाही.

अल ऐनच्या कोचनं एका छोट्या क्लबमध्ये लावलं. लीगमधला सगळ्यात खालचा क्लब, पण व्हिसा त्यांनीच दिला. मी बेंचवर असतो, मॅचला आठ-दहा मिनिटं मिळतात. त्यात रडण्यासारखं काही नाही आणि नाचण्यासारखंही नाही. कोचचा जिना हाच असेल तर मी पहिल्या पायरीवर आहे. फॉर्म भरताना आईचं काम विचारलं होतं. मी लिहिलं: स्कूल बस नॅनी, कामावरून काढलेली. क्लार्क म्हणाला, एवढं लिहायची गरज नाही. मी म्हणालो, आहे.

आई घरीच असते. मला जेवायला वाढते, पण बोलत नाही. मॅचला ये म्हटलं तर उठून आत जाते. पर्समध्ये वाइप्सचं पाकीट अजून आहे.

आई, तू माफ करू नकोस मला. तुझी नोकरी मी घालवली. पण ते सॉरी माझ्याकडून कुणाला मिळणार नाही. अद्वैतला नाही, साहेबांना नाही, तू पाय धरलेस तरी नाही. आणि ज्या कोर्टावर मी असेन तिथं फरशी ओली झाली, तर ज्यानं सांडलं तोच पुसेल. तोवर बॉल माझ्या हातात राहील, आणि मी तो देणार नाही.