भाजीसंघाचे निरीक्षक

आमच्या वरच्या मजल्यावरचे भाऊजी हे माणूस नव्हतेच मुळी. ते एक छोटेसे सार्वभौम राष्ट्र होते. कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ते सीमा ओलांडल्यासारखे शिरत आणि निरोप घेताना संयुक्त निवेदन दिल्यासारखे बोलत. ते एका आयातदाराचे मंदूब, म्हणजे बंदरापासून मंत्रालयापर्यंत कागदांवर शिक्के जमवत हिंडणारे गृहस्थ. शिक्क्यांची ती शाई हळूहळू त्यांच्या स्वभावात झिरपली होती. त्यांच्या पत्नीला सारी इमारत माई म्हणे. तिने मीठ आणायला सांगितले, तरी ते विचारत, "मागणी तातडीची की नियमित?"

इमारतीतल्या मराठी घरांचा एक भाजीसंघ होता. शुक्रवारी पहाटे पुरुषमंडळी आमच्या गाडीतून घाऊक बाजारात जाऊन खोकी भरभरून भाजी आणत आणि आम्ही बायका दिवाणखान्यात वर्तमानपत्रे पसरून वाटे घालत बसत असू. खिडकीबाहेर धुळीने पिवळी पडलेली सकाळ आणि आत ओल्या मेथीचा कडवट, हिरवागार गंध. माईचे तर सारे माहेरच त्या वर्तमानपत्रांवर पसरलेले असे. एरवी आठवडाभर तिच्याशी बोलायला एसीची घरघर तेवढी होती. संघाचा नियम एकच: जे येईल त्याचा सर्वांना सारखा वाटा. त्या नियमाने भाऊजींच्या घरी दर आठवड्याला दुधी जाई, आणि दुधी त्यांना शत्रुराष्ट्राइतका अप्रिय होता.

नव्वदचे दशक सरता सरता त्यांच्या वाचनात आले, की आफ्रिकेतला कुठलासा देश व्यापारसंघातून बाहेर पडून आता एकेका शेजाऱ्याशी स्वतंत्र करार करायच्या तयारीला लागला आहे. इतरांनी क्रिकेटचा एखादा संघ आपला मानावा, तसा भाऊजींनी तो देश आपला मानला. पुढच्याच शुक्रवारी दुधीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आम्ही संघातून बाहेर पडत आहोत. खलास!" माईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि ती मुकाट्याने त्यांच्यामागे गेली.

मग वाटाघाटींची तयारी सुरू झाली. "फ्रिजसमोर उभे राहून सराव करतात गं," माईने मला फोनवर सांगितले. "आज फ्रिजला चक्क नाही म्हणाले." ऐन ऑगस्टात, सूट आणि टाय चढवून, ते एकच मजला लिफ्टने उतरून आमच्याकडे आले, शिष्टमंडळ जिन्याने येत नसते. माझे यजमान बनियनवर बसले होते.

"वहिनी, चहा चर्चेनंतर. आधी घेतला की आपली बाजू कमकुवत होते."

प्रस्ताव असा होता: आम्ही त्यांना गाडीतून बाजारात न्यावे, बदल्यात त्यांनी आम्हाला कढीपत्ता द्यावा.

"अरे, गाडीत बस की नेहमीसारखा! कढीपत्ता कशाला हवा?" यजमान म्हणाले.

"फुकट?" भाऊजी दुखावले. "फुकट म्हणजे उपकार. उपकारांवर देश चालत नाहीत."

असे करार त्यांनी घरोघरी केले. कुणाकडून विरजण, कुणाकडून इडलीचे पीठ वाटून. आणि प्रत्येक कराराच्या बदल्यात कढीपत्ता. निर्यातीजोगे त्यांच्याकडे दुसरे काही नव्हतेच. शुक्रवारी ते आमच्याच गाडीतून, त्याच बाजारात येत आणि शेजारच्या गाळ्यावर स्वतंत्र खरेदी करीत. विक्रेता खोक्यापेक्षा कमी काही देईना, म्हणून एकदा त्यांनी टोमॅटोचे अख्खे खोके आणले. तो सबंध आठवडा जिन्यात साराच्या फोडणीचा वास दरवळत होता. ती फोडणी मात्र कढीपत्त्यावाचूनची होती.

कारण माईचे झाड संपले होते. बाल्कनीतल्या कुंडीत, झळांना ओल्या चादरीचा आडोसा करून तिने ते बाळासारखे वाढवले होते. आता तिथे एक काडी उभी होती. इकडे आमच्या वर्तमानपत्रांवर माईची जागा रिकामी राही, आणि आम्ही उगीचच त्या जागेच्या आजूबाजूला बसत असू.

एका शुक्रवारी दार उघडले, तर विळी घेऊन माई उभी. मागे जिन्यात भाऊजी.

"अगं, आपण बाहेर पडलोय ना?"

"तुम्ही पडलात," माई वळूनही न पाहता म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं?" आणि आपल्या जागी बसून तिने मेथी पुढ्यात ओढली.

ह्या घटनेची त्यांच्या देशाने काहीच तरतूद करून ठेवली नसावी. तासाभराने भाऊजी दारात आले, टायसह. "मी निरीक्षक म्हणून आलो आहे," त्यांनी जाहीर केले. "मतदानाचा हक्क नको."

"निरीक्षकांना पोहे चालतात का?" मी विचारले.

"तशी प्रथा आहे."

पुढे कित्येक वर्षे ते दाराजवळच्या खुर्चीत बसून निरीक्षण करीत राहिले. झाड पुन्हा पालवले. संघात ते रीतसर कधीच परतले नाहीत, फक्त जाताना माईच्या पिशवीतला दुधी स्वतः उचलून नेत, चेहरा तटस्थ ठेवून.

कुवेत सोडून ते चिपळूणला गेले, तेव्हा कुंडी आमच्याकडे आली. पाणी घालताना बोटांना लागलेला तो वास अजून दुपारपर्यंत पुरतो. खुर्चीही तिथेच आहे. शुक्रवारी भाऊजींचा फोन येतो. माई कशी, पाऊस किती, हे सारे मागाहून.

"वहिनी, दुधी आला का?"

"आला."

तिकडे अंगणातला एखादा कावळा ऐकू येतो.

"आमचा वाटा काढून ठेवा," भाऊजी म्हणतात.

मी काढून ठेवते.