बिनधुराचं गाव

पडदा वर जावा तसं तापीवरचं धुकं उठलं आणि गाव दिसू लागलं. साल अठ्ठावन्न. जसोदाबाईच्या लेकीचं लग्न होतं आणि गावाला चूलबंद आवतन होतं, म्हणजे कुणाच्याच घरी चूल पेटायची नाही. तरी जसोदाबाई घराच्या मातीच्या धाब्यावर चढली. धूर दिसेल ते घर आवतनातून सुटलं, ही तिची पारख.

देवळामागे धूर होता. तमाशाच्या फडाने आजारी म्हणून मागे ठेवलेला ढोलकीवाला नथ्थू तिथे तीन दगडांवर खिचडी शिजवत होता. जसोदाबाई तडक तिथे गेली.

"माय, मी या गावना नही," तो ओशाळून म्हणाला.

"धूर तर गावमाच शे ना?"

पुढे फडात परतल्यावर प्रत्येक खेळाआधी नथ्थू तापीच्या दिशेने हात जोडी आणि जसोदाबाई त्या दिवशी पुढे जे म्हणाली ते सांगे, "ऊठ भाऊ, तू जेवाबिगर मी जेवाव नही."