दादाच्या गाठीतल्या खुणा

'गणिती' हे नाव तिला दादानेच दिलं होतं. आईवडील लवकर गेले, तेव्हा स्वतःचं शिक्षण सोडून तो टॅक्सी चालवायला लागला आणि धाकट्या बहिणीला त्याने शिकवलं. पुढे ती कर्करोगाच्या संशोधन केंद्रात लागली. गाठीतल्या पेशींच्या जनुकांत हजारो बारीक बदल झालेले असतात. उन्हामुळे होणारे वेगळे, धुरामुळे होणारे वेगळे, नुसत्या वयाने होणारे वेगळे, आणि सगळे एकमेकांत कालवलेले. त्यात कुठल्या कारणाचा किती वाटा, हे वेगळं काढणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता.

दादाला फुफ्फुसाचा कर्करोग निघाला, तेव्हा मात्र तिने एका वासावरून निकाल देऊन टाकला. त्याच्या कोटाला कायम सिगारेटचा वास यायचा. प्रवासी ओढतात, मी नाही, असं तो पहिल्यापासून सांगत आला होता. तिला ते कधीच पटलं नव्हतं. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून ती म्हणाली, "आता तरी खरं बोल, दादा."

"तुला पटत नाही ना, मग राहू दे," एवढंच म्हणून तो कुशीवर वळला. पुढे ती रोज जायची, औषधं आणायची, पण मनातली अढी काही गेली नाही. अढी तशीच राहिली आणि दादा गेला.

गाठीचा तुकडा गणितीच्या केंद्राला द्या, निकालही तिलाच कळवा, असं त्याने डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं. वर्षभराने तो निकाल तिच्यासमोर आला. धुराची खूण त्यात जवळजवळ नव्हतीच. तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवला, मग सहकाऱ्याकडून तेच काम दुसऱ्या पद्धतीने करून घेतलं. उत्तर तेच. ओढणाऱ्यांच्या गाठीतही कधीकधी ही खूण सापडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तरी संध्याकाळी ती वहिनीकडे गेली. वहिनी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. गणितीने तिला निकाल सांगितला.

"मला कशाला सांगतेस?" वहिनी म्हणाली. "मी कधी त्यांच्यावर संशय घेतला नव्हता." मग चादरीची घडी घालत, "लागलं होतं गं त्यांना. पण तुझ्यापाशी विषय काढायचा नाही, असं मला बजावलं होतं."

पुढे त्या प्रोग्रॅममुळे गणितीचं पुष्कळ नाव झालं. पण फुफ्फुसाची गाठ तपासायला आली की ती उठायची आणि शेजारच्याला म्हणायची, हिचा अहवाल तेवढा तू लिही.