पान बाहेर न्यायचं नाही

अप्पा कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा हातातल्या ग्राइंडरनं घासून काढायच्या, एवढंच काम. दिवसभर ते यंत्र हातात थरथरायचं. आधी थंडीत त्यांची बोटं पांढरी पडायची, मग उन्हाळ्यातही बधिर राहायला लागली. मी बारावीला असताना त्यांच्या हातून एक कास्टिंग निसटलं आणि त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. शर्टाची बटणंही त्यांना लावता येत नव्हती. ती अव्वा, म्हणजे माझी आई, लावायची आणि मग राजारामपुरीत एका मेसमध्ये चपात्या लाटायला जायची. क्लासच्या पोरांचं जेवण उरकलं की उरलेली आमटी डब्यातून घरी यायची. आम्ही मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. दोघांपैकी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं.

मी शिकले. बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेट काढून पीएच.डी.ला लागले. फेलोशिप सुरू झाली तरी अव्वानं मेस सोडली नाही. "सरकारचं पैसं ते. कधी बंद करतील सांगता येतंय व्हय?" म्हणाली.

माझा विषय बाशिंग. आमच्या घाटात आंब्याजांभळाच्या फांद्यांवर वाढणारं हे नेचं, म्हणजे फर्न. त्याला पानं दोन तऱ्हेची. आखूड, तपकिरी, वाळकी पानं फांदीला चिकटून असतात. त्यांत पालापाचोळा अडकून कुजतो, तीच त्याची माती. लांब हिरवी पानं वर. तेच बाशिंग खडकावरही वाढतं, तिथं फटींत ओल टिकते. पण झाडावर पाऊस थांबला की थोड्या वेळात सगळं कोरडं होतं. तिथं ते तगतं कसं, कोरड सोसायला कुठली जनुकं कामाला लागतात, हे मला शोधायचं होतं.

अव्वाला मी एकदा सांगितलं की मोठ्या झाडांच्या सावलीत मंद उजेडावर भागवायचं एक जनुक नेच्यांनी फार पूर्वी दुसऱ्याच एका वनस्पतीकडून उचललंय.

"म्हंजे उसनं आणलंय?"

"तसंच म्हण."

"आणि परत न्हाय दिलं?"

"नाही."

"मग आपल्या भावकीतलंच की ते," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

दुसऱ्या वर्षी तिला ताप आला. रिक्षातून दवाखान्यात नेली. तिथून ती घरी आली नाही. गावी नेऊन माती दिली. मी पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेत होते. काय वाटलं म्हणून मैत्रिणी विचारायच्या. मला सांगता येत नव्हतं, कारण काही वाटतच नव्हतं. सकाळी अप्पांच्या शर्टाची बटणं लावायची, डबा भरायचा, बस धरायची. संध्याकाळी दोघं टीव्ही लावून बसायचो आणि त्यावर काय चाललंय ते दोघांनाही कळायचं नाही.

त्यात काम अडलं. जनुक प्रत्येक पेशीत असतंच. ते कामाला लागलंय की नाही हे आरएनएवरून कळतं, आणि पान तोडलं की आरएनए सडायला लागतो. घाटातून बर्फाच्या पेटीत पानं आणायची, तर कोल्हापूर येईपर्यंत सगळं संपलेलं. तपासणीत स्वच्छ पट्ट्या दिसायला हव्यात, तिथं नुसता धूर पसरल्यासारखा डाग यायचा. पान जंगलातच वाटू का, असं मी मार्गदर्शक मॅडमना विचारलं होतं. धूळ, बुरशी सगळं मिसळेल, नको, म्हणाल्या. पुढच्या हंगामात आम्ही पानं घ्यायचो ती झाडंच रस्त्यासाठी तोडली. फेलोशिपचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. झाडावरचं आणि खडकावरचं बाशिंग शेजारी शेजारी मिळेल अशी एकच जागा माहीत होती, राधानगरीकडच्या एका गावाची देवराई. तिथला आरएनए मिळाला नाही तर प्रबंध होणार नाही, हे मॅडमनी सरळ सांगितलं.

अप्पा म्हणाले, मी येतो. गाडी मी चालवली, ते मागं बसले.

देवराईतली वाळकी काटकीही कुणी घरी नेत नाही. देवळापुढं चार माणसं बसली होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं अप्पांना विचारलं, मला नाही.

"पावणं, पोरगी काय करती म्हणालासा?"

"शिकतीया. झाडावरच्या बाशिंगाचं."

"एवढं शिकून झाडपाला गोळा करती व्हय?"

"तुमच्या पोरानं शिकून काय केलंय?"

"पुण्यात गाडी चालवतंय," म्हातारा म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. "बरं, आम्ही कोण सांगणार? देवाला इचारू."

गुरवानं कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. झाडावर चढून पान तोडून नेऊ का, असं विचारलं. पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. डावी पडली.

मी उठले. मला वाईटही वाटलं नाही. गाडीची किल्ली हातात घेतली होती.

"बस की," गुरव म्हणाला. "एका कौलात तीन गोष्टी इचारल्या तुम्ही. देव कशाला न्हाय म्हणाला ते कळाय नको? सुट्टं करून इचारू."

चढायचं का? उजवी. तोडायचं का? उजवी. न्यायचं का? डावी.

"झालं. पान भाईर न्यायचं न्हाय."

मी म्हणाले, "पान नेत नाही. इथंच वाटते. रस नेते."

"रस म्हंजे पानच की!" म्हातारा म्हणाला.

"तीर्थ घरी न्हेतोस न्हवं?" गुरव त्याच्यावर ओरडला. "मग देवच उचलून न्हेतोस का?"

यावर तिघं एकदम बोलायला लागले. शेवटी पुन्हा पाकळ्या लागल्या. उजवी पडली.

मॅडमना मी फोन करून सांगितलं. धूळ-बुरशीचं त्यांनी पुन्हा बोलून दाखवलं. मग म्हणाल्या, दुसरा रस्ता नाही, कर.

आठवड्यानं आम्ही खल, बर्फ आणि पेशी फोडणारं द्रावण घेऊन परत गेलो. देवराईत पायात काही घालायचं नाही, म्हणून मी अनवाणीच दोरावर चढले. वर तपकिरी पानांच्या खोबणीत मुंग्या होत्या. हिरवं पान तोडलं, पिशवीतून खाली सोडलं, लगेच उतरले. अप्पा बर्फात बसवलेला खल दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"गार लागत असेल, सोडा जरा."

"मला कुठलं गार लागतंय? वाट तू."

मी वाटलं. द्रावणाच्या वासानं गुरव लांब जाऊन उभा राहिला. मग खडकावरचं पान, मग पुन्हा झाडावरचं. न वापरलेली पानं बुंध्याशी ठेवली.

विद्यापीठात तपासलं तेव्हा पट्ट्या आल्या, स्वच्छ. तोडल्याबरोबर द्रावणात वाटल्यामुळं काही सडलं नव्हतं. मॅडमनी पाठीवर थाप मारली. मी हातमोजे काढले आणि डबा खाल्ला.

पुढं ओल्या आणि कोरड्या दिवसांतली पानं ताडून निष्कर्ष निघाले. खडकावरच्या पानात कोरड पडल्यावर जी जनुकं कामाला लागत होती, त्यांतली काही झाडावरच्या पानात पान ओलं असतानाच कामाला लागलेली होती. हे पिढ्यांतून आलंय की त्या एका झाडावर राहून अंगवळणी पडलंय, ते माझ्या कामातून ठरत नाही. प्रबंधात मी तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "जंगलात वाटायची ही पद्धत तुम्ही का निवडली?"

"निवडली नाही सर. गावाची अट होती."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या तक्त्याबद्दल विचारलं. अप्पा मागच्या बाकावर बसले होते. इंग्रजीतलं त्यांना काही कळलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "झालं काय?"

"झालं."

वनस्पतींच्या जनुकशास्त्रात मला पीएच.डी. मिळाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली.