धोंडुबाईंचं तोंड

धोंडुबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भांडताना. माझ्या दवाखान्याच्या पायरीवर त्यांचं आणि त्यांच्या नवऱ्याचं, तात्याबांचं, जुंपलं होतं. मुद्दा एवढाच की आत जायचं की परतीची एसटी धरायची. आटपाडीत दातांचा दवाखाना टाकून मला बरीच वर्षं झाली. दारापर्यंत येऊन माघारी जाणारे पेशंट मला नवीन नाहीत, आणि आवडतही नाहीत. मी बाहेर येऊन म्हणालो, "आत खुर्च्या आहेत. बसून भांडा." बाई खळखळून हसल्या, आणि हनुवटीवरची सूज मला तेव्हाच दिसली.

बाई साठीच्या. घरची मेंढरं आता थोडीच उरलेली, बाकी डाळिंबाची बाग. बांधावरून त्यांनी हाळी दिली की पलीकडच्या वस्तीवरची माणसं काय झालं म्हणून बाहेर यायची, असं तात्याबाच कौतुकानं सांगत. सूज वर्षभर हळूहळू वाढत होती, दुखत मात्र नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. खालचे पुढचे दात एकमेकांपासून फाकले होते. बोटानं दाबलं तर हाड पातळ पत्र्यासारखं आत गेलं आणि परत वर आलं. एक्स-रेत पाहिलं तर हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हाडाच्या जागी काळे कप्पे. जबडा आतून पोखरला होता आणि बाहेर फक्त साल उरली होती.

"छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू," मी म्हणालो. बाई खुर्चीवरून उतरल्याच.

"न्हाई. सुरी लागली की पसरतंय. आमच्या आक्काचं तसंच झालं."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण रंगूबाई. दोघी लहानपणापासून एकाच डबीतली मशेरी लावायच्या. आक्काच्या गालाला कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, तो परत आला आणि त्या गेल्या.

"मयताला सारी भावकी गोळा झाली, पर कुणाला त्वांड दावलं न्हाई," धोंडुबाई म्हणाल्या. "फडकं बांधूनच न्हेली. मी सख्खी भन, मला बी बघू दिलं न्हाई. डाक्टर, मरायचं तवा मरीन. पर माझं त्वांड लोकास्नी दिसाय पायजे."

आमच्याकडे शेवटचं तोंड बघायला माणसं हातातलं काम टाकून धावतात. मुंबईहून लेक यायचा असला तर मयत दुपारपर्यंत ठेवतात. त्यामुळे बाईंचं म्हणणं मला वेडगळ वाटलं नाही. पण राग आला, आणि मी तो लपवला नाही. "असंच ठेवलंत तर तोंड आपोआपच जाईल," मी म्हणालो. "मग सुरीला नावं ठेवायलाही काही उरणार नाही." त्या गुपचूप परत खुर्चीत बसल्या.

तुकडा सांगलीला गेला. तिथं प्रियदर्शनी ही माझी कॉलेजची मैत्रीण असले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघते. चार दिवसांनी तिचा फोन आला, "येऊन बघ. मला यात सरळ काही सांगता येत नाहीये."

मी गेलो. गाठीचं अस्तर कुठे जेमतेम दोन पेशींचं, तर कुठे पेशी गोल फिरत जाऊन गाठोडं झालेलं. वरच्या थरातल्या काही पेशींना बारीक केस. आणि अस्तरातच छोट्या छोट्या गोल पोकळ्या, जणू तिथं लाळग्रंथी तयार होऊ पाहतायत, आणि मध्ये मध्ये चिकट पाण्यानं फुगलेल्या पेशी. "गाठ म्हटली तर अशी फार क्वचित दिसते," प्रियदर्शनी म्हणाली. "पण जबड्याच्या एका कॅन्सरमध्येही अशाच फुगलेल्या पेशी असतात. पुण्याच्या तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय मी सही करणार नाही."

इकडे तात्याबा रोज फोन करायचे. बाईंनी मळ्यातल्या म्हसोबाला बोकड बोलला होता.

शेवटी पुण्याचं उत्तर आलं. दोघांना बोलावून मी सांगितलं, "कॅन्सर नाही. साधी गाठ आहे."

तात्याबांनी डोळ्याला टॉवेल लावला आणि लेकाला, तानाजीला, फोन करायला बाहेर पळाले. मी पुढचं बोलत होतो. गाठ साधी असली तरी खोडकर आहे, लवकर काढायला हवी, सांगलीला ऑपरेशनची तारीख घेतलीय, तोवर भात-वरण, ताकात कुस्करलेली भाकरी, कडक काही चावायचं नाही. धोंडुबाई मान हलवत होत्या. पण ती मान माझ्या पहिल्या वाक्याला हलत होती, हे मला तेव्हाही कळत होतं. "कॅन्सर" या शब्दाचा मला तिटकारा आहे तो यासाठी. तो असला तरी माणसं पुढचं ऐकत नाहीत, आणि नसला तरी.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी नवस फेडला. नवस जिचा, पहिलं ताट तिचं. पाहुणे बसलेले, बाई खुशीत. त्यांनी ताटातली मटणाची नळी उचलली आणि पुढच्या दातांनी करकचून चावली.

"कट्टदिशी आवाज झाला," तात्याबा मला नंतर सांगत होते. "आमाला वाटलं, नळी फुटली."

नळी शाबूत होती. फुटला होता तो बाईंचा जबडा.

हाड सलग असतं तर गाठ खरवडून काढता आली असती आणि हनुवटी राहिली असती. आता तुटलेल्या जागी पू झाला. सांगलीच्या सर्जननी हनुवटीचं हाडच कापून काढलं आणि त्या जागी धातूची पट्टी बसवली. मला इतका संताप आला होता की तात्याबांशी मी आठवडाभर नीट बोललो नाही. बिचारे ते तरी काय करणार होते?

धोंडुबाई बऱ्या झाल्या, पण ओठ आत गेला आणि बोलणं अस्पष्ट झालं. पदर तोंडावरून हलेना. नातीच्या, सोनियाच्या, साखरपुड्यात फोटो काढताना त्या चुलीपाशी जाऊन बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

यंदा तपासणीला आल्या. एक्स-रेत पट्टीच्या उजव्या टोकाशी पुन्हा एक काळा ठिपका होता. मी फिल्म उजेडाला धरून उगाच वेळ काढत होतो.

"कॅन्सर हाय का?" पदराआडून प्रश्न आला.

"नाही."

तात्याबा हात जोडून उठले. धोंडुबाईंनी त्यांचा सदरा ओढून खाली बसवलं.

"फुडचं सांगा."

मी सगळं सांगितलं. या जातीची गाठ परत धरते, तशी ती धरलीय, आता बाजूचंही हाड काढावं लागेल.

बाईंनी पदर बाजूला केला. ऑपरेशननंतर माझ्यासमोर त्यांनी तो स्वतःहून कधी काढला नव्हता. आपलं बोट हनुवटीच्या खड्ड्यावर ठेवून त्या म्हणाल्या, "कुठवर जाईल? दावा मला."

मी त्यांचं बोट धरलं, गालावरून सरकवत नेलं आणि कानाच्या जरा अलीकडे टेकवलं.

त्यांनी बोट तिथंच दाबून धरलं.

"म्हंजी नाक-डोळं ऱ्हातंय," त्या म्हणाल्या. "वळकतील तेवढ्यावर."