कणकेच्या गोळ्यावरचा कॉम्प्युटर

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुलगी पाच वर्षांची झाली तरी मराठीत चकार शब्द बोलत नव्हती. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा घरचा रिवाज. तेवढ्यात पुण्याहून आईने कळवलं, की उन्हाळ्यात ती आमच्याकडे, टेक्ससमधल्या शुगर लँडला येतेय. फोनवर नातीचं "हाय आजी" ऐकून ती बिचारी दर वेळी फोन माझ्याकडे द्यायला सांगायची. आता दोन महिने एकाच घरात या दोघी काय खाणाखुणांनी बोलणार? मला खरोखर लाज वाटायला लागली.

अशा वेळी कोणत्याही शहाण्या बापाने मुलीशी मराठीत गप्पा मारल्या असत्या. मी पडलो इंजिनिअर. मी इंग्लंडहून कॉम्प्युटरचं किट मागवलं.

पार्सलमध्ये सर्किटची एक हिरवी पट्टी, पिशवीभर सुटे भाग आणि जोडणीची पुस्तिका होती. सगळं जोडून टीव्हीला लावायचं आणि मुळाक्षरं शिकवणारा प्रोग्रॅम आपणच लिहायचा, असा बेत. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्हीच बोला ना तिच्याशी."

"टाइम कुठाय? सोल्डरिंग करायचंय," मी म्हणालो.

कॉम्प्युटर सुरू झाला. टीव्हीवर चौकोनी ठिपक्यांचा 'अ' उमटला. तो मोडक्या खुर्चीसारखा दिसत होता, तरी माझा ऊर भरून आला. भानगड एकच होती. जादा मेमरीची डबी पाठीमागे नुसती खोचलेली असायची. टेबलाला जरा धक्का लागला की ती डुगडुगायची आणि तासन्‌तास टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटायचा. समोर बहुतेक वेळा मुलगीच असायची.

ह्यूस्टनमध्ये याच कॉम्प्युटरवाल्यांचा एक क्लब होता. महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही लायब्ररीच्या खोलीत जमायचो आणि डुगडुगत्या डबीचं दुःख वाटून घ्यायचो. कोणी ती च्युइंगमने चिकटवायचं, कोणी रबरबँडने बांधायचं. मी डबीखाली कणकेचा गोळा थापून नेला. टाळ्या पडल्या! क्लबच्या पत्रिकेत 'भारतीय पद्धत' म्हणून छापूनही आलं. टेक्ससच्या दमट हवेत कणीक आंबली आणि कॉम्प्युटरला मुंग्या लागल्या, हे मात्र मी तिथे बोललो नाही. अब्रू सांभाळायला नको?

आई आली तेव्हा 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं तयार होतं. नातीला शेजारी बसवून मी प्रात्यक्षिक सुरू केलं. "बघू रे," म्हणत आई कौतुकाने पुढे वाकली आणि तिचं कोपर टेबलाला लागलं. पडदा कोरा झाला.

मी तोंड उघडायच्या आत मुलगी कडाडली, "हलू नकोस म्हटलं ना! डोकं आहे का खोकं? घातलंस ना सगळं मसणात!"

स्वच्छ, पुणेरी, एकही चूक नाही. आईने तिला ओढून मांडीवर घेतलं आणि पटापटा मुके घेतले. "बोलली गं माझी बाई!" म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. मीही उगाच कॉलर ताठ केली. मग आईने माझ्याकडे बघितलं.

"का रे, तू पोरीशी एवढंच बोलतोस?"