दहाची गाडी

व्यापारी संघटनेच्या कचेरीत मसुदेकाकांना सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही मागणी नुसती लिहिली नाही. मागणीला कारण हवं आणि कारणाला आधार हवा, असा त्यांचा खाक्या. अध्यक्ष म्हणायचे, "काका लिहितात तेव्हा सरकारला नाही म्हणायला तोंड उरत नाही." सरकारला तोंडांची काय कमतरता, पण हे अध्यक्षांना सांगणार कोण?

संघटना दरवर्षी सरकारकडे मागण्यांची यादी धाडते. गेल्या वर्षी यादीत वरच्या दोन मागण्या होत्या. बंद पडलेली पहाटे साडेपाचची पॅसेंजर पुन्हा सुरू करा, आणि गावच्या सरकारी दवाखान्यात डायलिसिसची सोय करा. सभासदांना त्यात धंदा दिसत होता. काकांना दिसत होती ताई.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा मोठ्या शहरात जाऊन रक्त साफ करून घेणं नशिबी आलं. तिची यंत्रावरची पाळी सकाळी सातची. पॅसेंजर होती तोवर तिच्याच दुपारच्या फेरीने परत येताना ती बाकावर आडवी व्हायची. आता तीन तास बस. काका अर्धी रजा टाकून बरोबर जातात. परतीला ती त्यांच्या खांद्यावर डोकं टाकते आणि खड्डा आला की दात आवळते. प्रत्येक खड्ड्याला काकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यंदा दोन्ही खात्यांची उत्तरं एकाच दिवशी आली. रेल्वेने लिहिलं होतं, 'आपल्याच निवेदनानुसार डायलिसिस केंद्र झाल्यास रुग्णांचा प्रवास थांबेल. सबब गाडीची निकड दिसत नाही.' आरोग्य खात्याने लिहिलं होतं, 'आपल्याच निवेदनानुसार पहाटेच्या गाडीने रुग्ण शहरात वेळेवर पोचतील. सबब वेगळ्या केंद्राची गरज नाही.'

दोन्ही वाक्यं काकांची, शब्दन् शब्द. मागण्या भक्कम व्हाव्यात म्हणून त्यांनीच घातलेली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर पाहुण्याने दोन्ही घरी आपण होऊन सांगितलं होतं, की मी जेवून आलोय. काकांनी दोन्ही पत्रं तीनतीनदा वाचली आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

सभेत ठरलं की यंदा एकच मागायचं, गाडी. काकांच्या जिवात जीव आला. तेवढ्यात कापडवाला म्हणाला, "पण साडेपाचची कशाला? एवढ्या पहाटे कोण उठतंय? दहाची मागू. खरेदीला जायला बरी पडेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. टिपणं घ्यायला बसलेले काका खुर्चीवरून उठले. सभेत ते कधी बोलत नसत.

"साडेपाचचीच मागा. पेशंटला सातला यंत्राला लावतात. दहाची गाडी त्यांच्या काय कामाची?"

"काका, संघटना व्यापाऱ्यांची आहे," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "दहाचीच लिहा. कारण मात्र तुम्ही घाला, नेहमीसारखं. रुग्णांचं."

काकांनी संध्याकाळी मसुदा आणून दिला. कारणाच्या जागी एकच ओळ होती: 'सभासदांना खरेदीला जाणे सोयीचे पडेल.'

"असं कारण दिलं तर गाडी मिळेल का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही मिळणार. पण खरं आहे."

"रुग्णांचं घाला हो."

"माझ्या घरातला रुग्ण दहा वाजता यंत्रावर असतो. तिच्या नावावर तुमची खरेदी मी नाही लिहिणार."

अध्यक्ष चिडले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, ती ओळ खोडली, वर स्वतःच्या हाताने कारण लिहिलं आणि खाली सही ठोकली. आवक-जावकचा शिक्का मारायचं काम काकांचंच होतं. त्यांनी तो मारला.

घरी ताई भिंतीला टेकून भाजी निवडत बसली होती. "गाडीचं काय झालं रे?"

"मागितली. दहाची."

तिचा हात थांबला. "दहाला तर मी यंत्रावर असते."

"हो."

"मग कुणासाठी मागितली?"

काका खाली बसून बुटाची नाडी सोडू लागले.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तसं लिहिलंय."